रावणाचा रस्सा

…आणि वर म्हणायचे आमचे हे, "चांगलं झालंय हां, जये!"

चांगलं झालंय! आता तुमास्नी सांगते बाया हो, नवऱ्यानं ताटाला नावं ठेवली की बाईच्या डोस्क्यात तिडीक जातीय ह्ये मलाबी ठावं हाय, खरं नवरा रोज उठून, कायबी पुढ्यात ठेवा, "चांगलं झालंय" म्हणाय लागला न्हवं, की समजायचं, माणूस हितं न्हाय! धड ताटावर बसलंय आणि जीव कुटंतरी दुसऱ्याच पंगतीत जेवतोय! ह्येच आमचे हे, लढाईला जायच्या आधी भाकरीला नखाएवढा डाग पडला तर "भाकरी भाजलीस का कोळसा पाडलास?" म्हणून अख्ख्या येळ्ळूरला ऐकू जाईल असं वरडायचे. मी काय कमी न्हवते, मीबी वरडायची. घर कसं भरल्यासारखं वाटायचं! आणि परत आल्यावर? पिठलं वाढलं, चांगलं झालंय. पिठलं करपलं, चांगलं झालंय. एक दिस मी आमटीत मिठाचा खडाच घातला न्हाय… मुद्दाम हो! म्हटलं आता तरी वरडतील… गपगार खाल्ली, हात धुतला, पंच्याला तोंड पुसलं, आणि काय म्हणाले सांगू? ऱ्हाऊ दे, सांगायला नकोच.

आणि ह्ये सगळं कशापायी? एका रश्श्यापायी! मटणाच्या रश्श्यापायी! मटण तरी कसलं… काळं! तांबडा रस्सा ठावं हाय, पांढरा रस्सा ठावं हाय, खरं काळा? रावण म्हणं, रावण! थांबा, सांगते, आधी बसा तरी नीट.

त्येचं असं झालं. जपान्यानं हात वर केले, लढाई संपली, म्हणून आम्ही हितं देवाला नारळ फोडला, आता येतील म्हणून अंगण सारवलं… आणि सरकारनं ह्यांच्या मराठा पलटणीला उचललं आणि नेऊन टाकलं जाव्यात! जावा म्हंजे पोरींनो, आपली थोरल्या दिराची बायको न्हवं, जावा म्हंजे बेट हाय, समुद्रापलीकडं. तिथल्या लोकास्नी म्हणं आपलं आपलं राज्य पायजे व्हतं, आणि तिथला जुना गोरा मालक "माझं मला द्या" म्हणून आडून बसलेला. तर एका गोऱ्याचं राज्य ऱ्हावं म्हणून दुसऱ्या गोऱ्यानं आमची काळी माणसं पाठवली. आता बोला! मेल्यानो, तुमच्या भांडणात आमचं कुक्कू कशाला पणाला लावता?

बरं, आले एकदाचे. जिते आले, हातीपायी धड आले. आता लढाईवरनं माणूस येतोय म्हंजे काय काय घेऊन येतोय! कुणी घड्याळ आणलं, कुणी टॉर्च आणली, कुणी बायकोला रेशमाचं कापाड आणलं, हिंडलग्याचा रवळू, ह्यांच्याच पलटणीतला, त्येनं तर तोंडानं वाजवायचा बाजा आणला. आमची ट्रंक उघडायला आमच्या आत्ती, म्हंजे सासूबाई, मालुबाई म्हणत्यात त्यास्नी, आत्ती आणि मी अशा दोघी माना घालून बसलेलो. ट्रंकेत निघालं काय? खाकी मोजा. एकच मोजा. तोंडाला गाठ मारलेला, आणि आत टणाटण वाजणारं काहीतरी. आत्तीस्नी वाटलं सोनं! पदर पसरून मोजा उलटा केला… तर ह्या एवढाल्या बिया! सुपारीपरास मोठ्या, दगडागत टणक, वरनं राखेचा राप बसलेल्या.

"ह्ये काय रं भावक्या?" आत्ती म्हणाल्या.

"क्लुवाक," हे म्हणाले.

"कुळवाक? कुळवाला लावायचं असंल काहीतरी," आत्ती मला म्हणाल्या.

"कुळवाला न्हवं गं आई. ह्येचा रावोन करत्यात. मटणाचा रस्सा असतोय. काळा."

"काय करत्यात?"

"रावोन."

आत्तीच्या कानाला ऐकू येतंय कमी, आणि जेवढं येतंय तेवढं त्यांच्या सोयीनं. म्हणाल्या, "रावण? रावण शिजवून खाल्लास? अरं, रामनवमीला मारुतीच्या देवळात पानं वाढणारं आपलं घर, आणि तू परमुलखात जाऊन रावण खाऊन आलास?"

झालं! त्या दिसापासनं आमच्या घरात त्येचं नाव रावण. रावण म्हणं, आणि तोबी काळा!

आता एवढ्यावर भागलं असतं तर मी म्हटलं असतं, जाऊ दे, पुरुषाची जात, जिभेला चव लागली असंल परमुलखाची, जाईल हळूहळू. खरं न्हाय! एक दिस मी चांगला बाजारचा वार बघून मटण केलं, आपलं तांबडंभडक, वर तेलाचा तवंग असा की त्यात तोंड बघून कुक्कू लावावं. हे जेवले. "चांगलं झालंय," म्हणाले. आणि मग ताटाकडंच बघत, हळूच, स्वतःशीच बोलल्यागत म्हणाले, "खरं इबूच्या हातची चव…" आणि थांबले.

इबू!

बाया हो, माझ्या हातातली पळी हातातच ऱ्हायली. म्हटलं, "इबू कोण?"

"व्हती एक."

व्हती एक! आणि उठले, आणि बैलास्नी वैरण टाकाय गेले! "व्हती एक" म्हणून उठून जायचं असतंय व्हय बायकोसमोरनं? काय ते एकदा सांगावं, न्हायतर नावच घेऊ नये! मी गेले मागनं, दबक्या पावलानं. बघते तर हे बैलाच्या तोंडाफुडं वैरण धरून, त्येच्या गळ्याखालनं हात फिरवत म्हणत्यात, "माकान, माकान." परत म्हणत्यात, "माकान." लई मायेनं.

आता पलटणीच्या कॅम्पात येऊन-जाऊन मलाबी हिंदुस्थानी कळतंय की! मकान म्हंजे घर! इबू आणि मकान! म्हंजे तिकडं बाईबी हाय आणि तिला घरबी बांधून दिलंय! हितं आमचं परड्याकडचं छप्पर पावसात गळतंय, त्येच्यावर दोन कौलं टाका म्हणून मी कवाधरनं घसा फोडतेय, आणि तिकडं इबूला मकान!

त्यात हा रवळू आला एक दिस भेटाय. चहा दिला, चिवडा दिला, तर चिवडा खात-खात काय बोलतोय बघा. "वयनी, तुमचा मालक लई नशीबवान! तिकडं सुरबाया म्हणून शहर हाय, तिथं एकदम पेटलं. आमची माणसं पटापट पडाय लागली, कोण कुटं कुणाला ठावं न्हाय, आणि भावक्या गायब! आम्ही म्हटलं, गेला. देवाला हात जोडून मोकळे झालो. आणि काही दिसानं बघतो तर ह्यो गडी चालत येतोय, कमरंला लुंगी, आणि गाल… गाल बघाल तर वर आलेले! आम्ही बिस्कुटं चावून वाळलेलो आणि ह्येचं वजन वाढलेलं!" आणि मला डोळा मारतोय मेला.

हे म्हणाले, "रवळ्या, चहा पी."

बस. तेवढंच. आता सांगा, मी काय समजायचं? माणूस गायब व्हतोय, लुंगी नेसून येतोय, गाल वर येत्यात, रावण खातोय, इबूचं नाव घेतोय, बैलाला मकान सांगतोय… तुमच्या नवऱ्यानं ह्यातलं अर्धं केलं असतं तर तुम्ही माहेरची वाट धरली असती! मी न्हाय धरली. का न्हाय धरली? कारण, बाया हो, एक गोष्ट माझ्या नजरंतनं सुटली न्हवती. हे सगळं आठवताना माणूस गालात हसत न्हवता. परस्त्रीची आठवण आली तर माणसाच्या मिशीखाली कुटंतरी हसू सांडतंयच, लपत न्हाय ते. ह्यांच्या तोंडावर काय असायचं माहीताय? घरातलं कुणी वारल्यावर माणूस पहिला घास घेताना जसा दिसतोय, तसं. म्हणून मी गप ऱ्हायले. आतनं जळत व्हते, खरं गप ऱ्हायले.

मग म्हटलं, जाऊ दे, ह्यांच्या मनात काट्यागत रुतून बसलाय न्हवं तो रावण, एकदा करूनच घालू, काटा निघंल. एक दिस दुपारी विचारलं, "अवो, त्या बियांचं करायचं काय असतंय?" तर बाया हो, कवा न्हाय ते माणसाचं तोंड उजळलं! सांगाय लागले… ही बी झाडाची ताजी खायची न्हाय, उकडायची, मग राखंत पुरून ठेवायची, म्हयना उलटून जाऊ द्यायचा, आत काळी व्हतीय, मग फोडायची, भिजवायची, वाटायची… "आणि न्हाय पुरली तर?" मी विचारलं. "न्हाय पुरली तर विष," हे म्हणाले. "माणूस मरतोय."

नेमकं ह्ये… ह्ये बरं ऐकू आलं आत्तीस्नी! आणि परड्याच्या गडग्यापलीकडं वाळवण घालत असलेल्या आमच्या शेजारच्या आक्कालाबी! आक्काचं असं हाय, तिच्या घरात काय शिजतंय ते तिला ठावं नसतंय, आमच्या घरातलं फोडणीपासनं ठावं असतंय. सांजच्याला विहिरीवर पाणी शेंदताना गावभर झालं, "जयीच्या घरात विषाच्या बिया हायत गं! सासू म्हातारी हाय न्हवं… बघा बाई!" म्हंजे मी! मी सासूला घालणार! दुसऱ्या दिसापासनं आमच्या दारात बसून कुणी चहा घेईना. "आत्ताच झाला हो, आत्ताच," म्हणून हात जोडत्यात. ताक मागाय येणारी पोरं येईनात. एकीनं तर मला सरळ विचारलं, "व्हय गं, काळी विद्या काय ती? काळं मटण घातलं की नवरा मुठीत येतोय म्हणं?" म्हटलं, बाई, माझा नवरा मुठीत न्हाय, मोज्यात हाय!

रावण म्हणं, आणि त्येच्यापायी माझ्या दाराला वाळीत टाकल्यागत केलं!

आत्ती काय करतील? एका सकाळी हे शेताकडं गेल्यावर उठल्या, तो मोजा उचलला, आणि परड्यात जाऊन दिला उकिरड्यात रिकामा करून. वर दोन पाट्या शेण टाकलं आणि हात झाडत आत आल्या. "जये, घरात विष नको बाई. त्येला म्हण, उंदरांनी न्हेलं."

उंदरांनी! एवढाल्या बिया! येळ्ळूरचे उंदीर काय पैलवान हायत?

मी सांगितलंच न्हाय काही. खरं हे आले दुपारी, ट्रंकेकडं गेले, आणि तसेच आत्तीफुडं येऊन उभं ऱ्हायले. आत्तीनंच मान फिरवली, आणि परड्याकडं बघितलं.

मी म्हटलं आता वरडणार. खरंच सांगते, मला बरंच वाटलं. म्हटलं वरडू दे एकदा, पहिल्यासारखं, कौलं उडतील असं वरडू दे, म्हंजे माझा माणूस परत आला म्हणून मी जेवणाला गोडधोड करीन. न्हाय वरडले. परड्यात गेले, धोतर खोचलं, आणि उकिरड्यात गुडघं टेकून बसले. दोन्ही हातानं शेण बाजूला सारायला लागले. एक बी गावली की धोतराला पुसायची, बाजूला ठेवायची. परत हात आत. पलटणीतला गडी, छातीवर बिल्ला मिरवत गावात आलेला… आणि डोळ्यातनं पाणी घळाघळा. आवाज न्हाय. नुस्तं पाणी. गडग्यावर आक्काचं मुंडकं उगवलेलं, त्येचंबी भान न्हाय.

मग मी काय करणार? गेले, पदर खोचला, बसले शेजारी, घातला हात शेणात. बायकोनं दुसरं काय करायचं असतंय सांगा? इबू असू दे न्हायतर कोण असू दे, बी तर शोधाय पायजे न्हवं!

आणि तिथं, बाया हो, उकिरड्यात हात घालून, ह्यांनी तोंड उघडलं. ह्यांच्याच तोंडचं सांगते.

म्हणाले, "जये, आमची गाडी पेटली. चारी बाजूंनी गोळ्या. मी पळालो, एका बोळात शिरलो, दिसलं ते दार ढकललं. आत अंधार, चूल पेटलेली, आणि म्हातारी उभी. हातात पळी. मी बंदूक रोखली तिच्यावर. ती माझ्याकडं बघतच ऱ्हायली. मग पळीनं पाटाकडं दाखवलं, आणि म्हणाली, 'माकान.' "

"म्हंजे घर?" मी विचारलं.

"म्हंजे जेव."

माझ्या हातात शेण व्हतं म्हणून, न्हायतर कपाळाला हात मारून घेतला असता!

"मी तिला इबू म्हणायचो," हे म्हणाले. "तिथं आईला इबू म्हणत्यात. तिचा एकच ल्योक, तो बाहेर गेलता. कुटं गेलता? आमच्यावर गोळ्या झाडाय! आणि तिनं मला चुलीमागं लाकडाच्या ढिगाआड लपवलं. गल्लीतली पोरं भाले-तलवारी घेऊन दारात यायची, शिपाई कुटं हाय म्हणून विचारायची, तर ही पळी घेऊन त्यांच्या अंगावर जायची. काय बोलायची कळायचं न्हाय, खरं आपली आई शिव्या देती तश्शाच चालीवर! ती पोरं गेली की मला बोलवायची, आणि फुडं कांद्याची पाटी ठेवायची. सोल म्हणायची. मी सोलायचो."

आता बघा! मला हसावं का रडावं कळंना! मराठा पलटणीचा शिपाई, तिकडं परमुलखात पाटीभर कांदं सोलतोय, आणि हितं लसणीची एक पाकळी सोला म्हटलं तर "पुरुषाचं काम हाय व्हय?" खरं मी बोलले न्हाय. बाया हो, ती येळ बोलायची न्हवती.

"रोज ती लेकाच्या वाटणीचा रस्सा काढून चुलीवर ठेवायची," हे म्हणाले. "काळा, घट्ट, चुलीवरच मुरलेला. दाराकडं बघत बसायची. तो आलाच न्हाय. मग एक दिस तिनं ते मडकं उचललं आणि माझ्या पानात ओतलं. सगळं. 'माकान,' म्हणाली. जये, मी खाल्लं. भूक लागलीती. त्येच्या वाटणीचं मी खाल्लं."

मी बिया शोधत ऱ्हायले.

"मग जरा थंडावलं, तिनं लेकाची लुंगी नेसवून मला बोळातनं बाहेर काढलं. मी पलटणीत आलो. आणि मग साहेबानं जहाजातनं तोफा डागल्या, वरनं विमानं आली. आमच्याच बाजूची, जये. आम्ही मागनं शहरात शिरलो, तर मला तो बोळच गावंना. बोळच न्हवता. चूल गावली. माणूस न्हाय कुणी. जिता न्हाय, मेलेला न्हाय. परड्यात राखेचा खड्डा व्हता तिचा, त्यात ह्या बिया पुरलेल्या. उकरून घेतल्या. पिशवी न्हवती, मोजा काढला पायातला." आणि मग माझ्याकडं बघून, लहान पोरानं विचारावं तसं विचारलं, "जिती असंल का गं?"

कुणाला ठावं! मी 'असंल' म्हणू? 'न्हाय' म्हणू? मागं बघते तर आत्ती उभ्या. कवापासनं उभ्या व्हत्या देव जाणे, आणि ह्या खेपंला सगळं ऐकू आलेलं. पुढं आल्या, बियांचा ढीग पदरात भरून घेतला, शेणासकट, नव्या लुगड्याच्या पदरात! आणि विहिरीकडं निघाल्या. जाता-जाता थांबल्या.

"भावक्या, मटण कसलं व्हतं रं?"

हे वर आढ्याकडं बघायला लागले. परड्यात आढं कुटनं येणार? आभाळाकडं बघितलं, आणि म्हणाले, "अंधार व्हता, आई."

आत्ती म्हणाल्या, "बकरंच असणार. आईनं घातलं म्हंजे बकरंच." संपला विषय! आमच्या आत्तीचं कोर्ट, त्येच्यावर अपील न्हाय.

मग काय, ठरलं! रावण करायचा! खरं करायचा कसा? सांगणार कोण, तर कांदं सोलणारा! ह्यास्नी कांद्यापातूर सगळं पाठ, फुडचं नुस्त्या वासावर. "एक आल्यासारखं व्हतं, खरं आलं न्हवं." कॅम्पातल्या बाजारात हे गेले मसाल्याच्या दुकानात, म्हणाले, अद्रक जैसा है लेकिन अद्रक नहीं है. दुकानदार म्हणाला, "तो फिर अद्रकच लेव ना भाई, काय को तकलीफ करते!" आणलं आपलं आलंच. गवती चहा टाकत्यात म्हणाले… रश्श्यात चहा! लिंबाचा पाला टाकत्यात म्हणाले. म्हटलं बैलाचं खाणं हाय का माणसाचं? आणि चटणी? तांबडी चटणी कवा घालायची? तर म्हणाले, "घालायची न्हाय." बाया हो, मटणात चटणी न्हाय! खोबरं न्हाय, तीळ न्हाय! म्हंजे नुस्तं रंगानं काळं न्हवं, नशिबानंबी काळंच की हो!

बी फुटता फुटंना. वरवंटा घेतला, वरवंट्याचा टवका गेला. शेवटाला हे कुऱ्हाड उलटी धरून तिच्या तुंब्यानं फोडाय बसले. प्रत्येक बी कानाशी धरून हलवायची, आत खुळखुळली तर घ्यायची, न्हायतर बाजूला. आतनं निघालं काय? वंगण! गाडीच्या कण्याला घालत्यात न्हवं, तस्सं! पाट्यावर वाटलं तर पाटा काळा, हात काळं, नाक खाजवलं तर नाक काळं. आणि मग बाया हो, मटणात पडलं, आणि शिजायला लागलं, आणि… खोटं कशाला बोलू, असा वास सुटला! आपला न्हवं. आपल्या कुठल्याच वासासारखा न्हवं. पहिला पाऊस पडायच्या आधी जमीन तापून फुगतीय, तसा काहीतरी खोल, जाडजूड वास. हे चुलीम्होरं उकिडवं बसलेले. कुणी न सांगता कांदं सोलत. डोळ्यातनं पाणी येतंय ते कांद्याचं म्हणायला बरं.

पानं वाढली. भात, आणि त्येच्यावर हा काळा कुळकुळीत रावण. आणि आता खाणार कोण आधी? गडग्यावर आक्का, तिच्या बाजूला आणिक दोघी-तिघी, सगळ्या बघाय आलेल्या, कोण मरतंय म्हणून! मी म्हटलं, मी खाते. हे म्हणाले, "न्हाय, मी खाणार, मला ठावं हाय चांगल्या बिया कुठल्या." आणि घास उचलला तर आत्तीनं फाटकन हातावर मारला!

"हो बाजूला! तिकडची आई, ना नात्याची ना गोत्याची, जिचा ल्योक तुझ्यावर बंदूक रोखून बाहेर, तिनं तुला घास घालून जगवलं, आणि मी जन्म दिलेली, मी हितं भात बघून भ्यायचं? माझं काय ऱ्हायलंय? मेले तर मी मरीन. आधी मी खाणार!"

आणि खाल्ला. भलामोठा घास. मिटले डोळे. गडग्यावर आक्काचा पदर तोंडात. आत्ती चावत्यात… चावत्यात… डोळं काय उघडत न्हाईत… म्हटलं आता गाव म्हणणार, घातलंच बघा सासूला! गिळला. डोळं उघडले. आमच्याकडं बघितलं, सगळ्यांकडं, आणि म्हणाल्या,

"मीठ कमी हाय, जये."

हुश्श! म्हटलं जित्या हायत! आणि चांगल्या धडधाकट हायत!

मग हे जेवले. एकेक घास. मी विचारलं, "तसाच झालाय का?" म्हणाले, "न्हाय. तसा न्हाय झाला." बाया हो, मला रडू यायला पायजे व्हतं, खरं मी खुशीनं चुलीकडं तोंड फिरवलं. इतक्या दिसात पहिल्यांदा माणसानं "चांगलं झालंय" म्हटलं न्हवतं! खरं बोलला की हो माझा माणूस! आणि वर म्हणतोय, "कांदा जास्त झाला." सोलला कुणी? तूच न्हवं!

आत्तीनं आणिक दोन पानं वाढाय लावली. एक इबूच्या नावानं, एक तिच्या लेकाच्या. मी दबकत विचारलं, "आत्ती, मेलेल्या माणसाला पान वाढत्यात. जिती असली तर? अपशकून न्हाय व्हायचा?" आत्ती म्हणाल्या, "जिती असली तर आयुष्य वाढंल तिचं. नसली तर उपाशी ऱ्हायची न्हाय. तू भात वाढ." हे पानांफुडं बसले, हात जोडले, आणि हळूच म्हणाले, "माकान, इबू." आणि मग दुसऱ्या पानाकडं नुस्तं बघितलं. आत्तीनंच बोटानं पान जरा फुडं सरकवलं, "जेव रं बाबा. तुझ्या वाटणीचं हाय."

थोड्या येळानं आत्तीनं मान वर केली आणि गडग्याकडं बघून म्हणाल्या, "आता आलाईसा तर बसा. अन्न टाकून द्यायचं न्हाय." आणि ती दोन पानं, बाया हो, कुणी खाल्ली? आक्कानं! एक न्हवं, दोन्ही! चाटूनपुसून! विषाच्या बिया म्हणून गावभर बोंब मारणारी, बोटं चोखत मला म्हणतीय, "जये, रावण परत कवा करणार गं?" घ्या!

तर असा तो रावण. बिया संपल्या, करायचा म्हटलं तरी व्हायचा न्हाय आता. इबू जिती हाय का न्हाय, कळायला वाट न्हाय. आमच्याकडनं आम्ही जिती हाय असंच धरलंय, आणि आत्ती संध्याकाळी दिवा लावताना आपल्या चार लेकरांच्या नावाबरोबर जाव्यातल्या त्या पोराचंबी आयुष्य मागत्यात, नाव ठावं न्हाय म्हणून "इबूचा" म्हणत्यात. आणि हे? हे आता बोलत्यात हो! जेवताना बोलत्यात, नांगर धरताना बोलत्यात, भाकरीला डाग पडला तर वरडत्यात, मीबी वरडते. सगळं कसं ठीक झालं म्हणून मी जरा निवांत टेकले परवा, तर हे म्हणत्यात,

"जये, जाव्याच्या आधी आम्ही ब्रम्हदेशात व्हतो न्हवं… तिथं एका म्हाताऱ्यानं मासा खाऊ घातलता गं. कुजवलेला. काय वास, काय वास!"

आता मी काय बोलणार, बाया हो? म्हटलं, किती दिस कुजवायचा, तेवढं सांगा.